पुस्तक मिटून सांगायचं

नवऱ्याच्या कारखान्याने त्याला काही वर्षांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी बोईसरला दवाखाना चालवत होते. तिकडे डॉक्टरकी करायची तर तिथली परवाना परीक्षा द्यावी लागे. मी ती एकदा दिली आणि नापास झाले.

दुपारी दवाखाना बंद असे. तेवढ्या वेळात मी जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेई, लाल पेनाने ओळी अधोरेखित करी. फुप्फुसांपर्यंत पोचेस्तोवर हृदय विसरलेलं असे.

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या थोरल्या वन्सं राहायला आल्या. त्या पालघरच्या शाळेत गणित शिकवत.

"काल काय वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हृदयाच्या झडपा."

"मग सांग की मला."

मी पुस्तक उघडलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन मिटलं. "वाचून काय दाखवतेस? वाचता मलाही येतं."

दोनचार वाक्यांत मी अडकले. वाईट वाटण्यापेक्षा नवल वाटलं. कालच तर ते पान ओळखीच्या माणसासारखं वाटत होतं. मग नेमकं काय लक्षात राहिलं होतं?

आम्ही करून पाहायचं ठरवलं. एक प्रकरण मी नेहमीसारखं दोनदा वाचलं. दुसरं एकदाच वाचलं आणि पुस्तक मिटून वन्संना सांगितलं. आठवड्याने त्यांनी दोन्हींवर प्रश्न विचारले. सांगितलेलंच जास्त टिकलं होतं.

मग वेळापत्रक नव्याने आखलं. नेहमी शेवटी राहून जाणारे मेंदू आणि नसा हे विषय आधी घेतले. सांगून झालेला विषय चार दिवसांनी पुन्हा सांगायचा, मग महिन्याने.

त्याच सुमारास जवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरची एक कोळीण दवाखान्यात आली. "डाक्टरीन बाय, राती हाताला मुंग्या येतात. झटकला का बरा वाटते."

"कुठल्या बोटांना?"

"आंगठा न् ही दोन बोटा. करंगळीला काय नाय."

मनगटात नस दबली होती. तिला औषध आणि मनगटाला पट्टी देऊन पाठवलं, आणि दुपारी वन्संना ते सांगितलं.

"मग करंगळी कशी सुटली?" त्या म्हणाल्या.

मला नीट सांगता येईना. पुस्तक उघडलं, पण या वेळी ते पान मलाच हवं होतं. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, मनगटात जिथे ही नस दबते त्या अरुंद बोगद्यातून नाही. वन्संनी स्वतःचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

शाळा सुरू होऊन वन्सं परत गेल्यावर मी नवऱ्याला समोर बसवून पाहिलं. मूत्रपिंडं येईपर्यंत तो घोरू लागे. शेवटी रविवारी मीच पालघरला जाऊ लागले.

दुसऱ्या खेपेला पास झाले. निकाल सांगायला गेले तेव्हा वन्संनी पाठीवरून हात फिरवला, पेढा तोंडात घातला आणि विचारलं, "कुठला प्रश्न चुकला असेल गं?"

एका प्रश्नाची मला अजूनही खात्री नव्हती. चहा निवला तरी आम्ही त्याच्यावरच बोलत बसलो होतो.