कड्यावरची पायवाट

"आत्या, तू खरंच इथे कधी आली नव्हतीस?" भाचीने चढता चढता विचारलं.

"कधीच नाही. पण इथली विहीर न् विहीर माझ्या हातची आहे."

थाप नव्हती ती. एकतीस वर्षं आत्याने मोजणीच्या कचेरीत खिडकीजवळच्या तिरक्या टेबलावर शाईने नकाशे काढले. रानोमाळ उन्हातान्हात मोजणी करत हिंडायचे ते तिचे यजमान. ते पेन्सिलीने कच्चा कागद करायचे, ती पक्का करायची. ते जाऊन वर्ष झालं, आणि आज आत्या तो जुना नकाशा उघडून टेकडी वाचत होती.

"ह्या तपकिरी रेषा उंचीच्या. लांब लांब असल्या की सपाटी. आता बघ, खेटून आल्या. दम लागणार."

दोघींनाही लागलाच.

"पण आपण शोधतोय काय?"

"ही तुटक रेषा. पायवाट. ह्यांनी पेन्सिलीचं टोक करून कागदावर घासून बघितलं असणार, आणि मी वाट समजून ते फटकारे गिरवले. नकाशा छापून आल्यावर साहेब म्हणाले, एवढ्या चढावर वाट कुठली? माझी नोकरी गेल्यात जमा. तर हे म्हणाले, 'आहे वाट. मी स्वतः चाललोय.' वर सहीही ठोकली."

"मग झालं की."

"काय झालं? घरी विचारलं की म्हणायचे, 'चाललोय म्हटलं ना. पोळी वाढ.' अगं, लग्न ठरताना 'मी घोरतो' असं आधी सांगून टाकणारा माणूस. खोटं बोलला असेल का? मला एकदा बघायचंच होतं."

रेषा जिथे चढत होती तिथे समोर सरळसोट कडा उभा होता. खाली एक म्हातारी शेळ्या चारत होती.

"मावशी, इथून वर वाट होती का हो कधी?" आत्याने विचारलं.

"इथून? माझी शेळीसुद्धा तोंड फिरवते. सासूच्या वेळीही नव्हती."

आत्या मटकन दगडावर बसली.

"वाईट वाटतंय?" भाचीने हळूच विचारलं.

"माझी नोकरी राखायला खोटं बोलले, आणि मी जन्मभर ह्यांना घुम्या म्हणत आले गं. आता कुठे जाऊन सांगू?"

भाचीने पाण्याची बाटली पुढे केली. आत्याने आधी नकाशाची नीट घडी घालून तो पिशवीत ठेवला, आणि मगच ती पाणी प्यायली.