आईचं अकरा सेकंदांचं गाणं

मंडळी, आज संध्याकाळी मुलुंडला माझ्या मैत्रिणीच्या घरी एक आयरिश नवरा-बायको त्यांचं पारंपरिक संगीत वाजवायला आले होते. नोरा व्हायोलिनवर, शॉन लाकडी बासरीवर. सोफा बाहेर पॅसेजमध्ये काढून आम्ही वीसेक जण हॉलमध्ये सतरंजीवर बसलो होतो.

त्यांच्याकडे एक पद्धत आहे. धून वाजवण्याआधी ती कुणाकडून मिळाली ते सांगायचं. ही शॉनच्या आत्याची, ती गावातल्या सुताराची. "आता ते नाहीत," असं नोरा हळूच म्हणायची आणि दोघं एकदम सुरू करायचे. काय वाजवलं यार!

नंतर चहा पिताना तिने मला सहज विचारलं, "तुझ्याकडे कुणाचं गाणं आहे?"



आई तांदूळ निवडताना मालवणीत एक गाणं म्हणायची, तिच्या आजीचं. माहेरच्या विहिरीचं काहीतरी होतं त्यात. मी शिकले नाही. माझं घरून काम, सतत मीटिंग. मागच्या वर्षी आई गेली.

घरी आल्या आल्या ऑफिसच्या मीटिंगची जुनी रेकॉर्डिंग्ज उघडून बसले. एका ठिकाणी मागून तिचा आवाज सापडला. अकरा सेकंद.

क्लिप खाली टाकलीये. मालवणकडचं कुणी असेल तर पुढच्या ओळी सांगाल का, प्लीज? शेवटी "आई, गप्प बस ना गं!" असं जी ओरडतेय, ती मीच आहे.