चटणी उजवीकडे

"चटणी उजवीकडे? अहो, उजवीकडे?"

वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. बरोबर त्या पाटीखाली उभ्या राहून काकू ओरडत होत्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या काकू म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा, की तिकडे एक्सप्रेसवेवर चार-दोन ट्रकांनी नक्की ब्रेक मारले असणार. त्यांच्या एका हातात माझं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात पेन. पेन पाहून मला गहिवरून आलं.

"मीठ खाली. भाजी डावीकडे. तुम्हाला घरी कुणी जेवायला वाढलंय की नाही कधी?"

"मग कसं हवं, काकू?" मी गायीसारखा चेहरा करून विचारलं.

"कसं हवं म्हणजे? सरका." काकूंनी पुस्तक टेबलावर उघडलं आणि छापील पानावर, चक्क शाईनं, एक मोठं गोल ताट काढलं. कोपऱ्यातल्या टेबलावरून वाचनालयाचे कार्यवाह हे पाहत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी मात्र मनातल्या मनात ढोल-ताशांचं पथक बोलावलं.

का, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

माझं पुस्तक चित्रांतून विचार करण्याबद्दल आहे. बोलून सुटत नाही तो गुंता कागदावर काढा, सुटतो, असं माझं म्हणणं. ऑफिसात मी फळ्यावर इतके चौकोन आणि बाण काढलेत की पुसून पुसून फळा पातळ झाला, पलीकडचं अकाउंट्स खातं दिसायला लागलं. तर पाच प्रकरणं धडाधड लिहून झाली आणि सहाव्यात माझं इंजिन बसलं. सहावं होतं, कुणी न शिकवता आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या चित्रांवर. अशी चित्रं असतात हे मला ठाऊक होतं. कोणती, ते मात्र काही केल्या सुचेना. शेवटी ठरवलं, आहे तसंच छापायचं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘अपूर्ण’. उजवीकडे एवढा रुंद समास, की न्हावा शेवा बंदरावरचा ट्रेलर एका झटक्यात वळावा. त्या समासात वाचकांनी रेघोट्या मारायच्या, चुका काढायच्या आणि पुस्तक पुरं करायला मला मदत करायची.

पहिली प्रत घेऊन मी वाचनालयात गेलो. शाळेत असल्यापासून मी इथला सभासद. तिथल्या पुस्तकांच्या कण्यावर पांढरी चिठ्ठी असते, तिच्यावर शाईनं घातलेला दाखल क्रमांक. जगात लोकांना काय काय हवं असतं. मला लहानपणापासून ती चिठ्ठी हवी होती, माझ्या पुस्तकावर.

कार्यवाहांनी मुखपृष्ठ वाचलं. "अपूर्ण म्हणजे?"

"म्हणजे वाचक पूर्ण करणार."

"पूर्ण झालं की आणा. अर्ध्या पुस्तकाला क्रमांक देता येत नाही."

"आणि वाचकांनी खरंच पूर्ण केलं तर?"

"पुढच्या सभेपर्यंत केलं तर ठेवतो समितीपुढे." हे त्यांनी आपण होऊन चंद्र खाली उतरला तर गिळतो म्हणावं अशा सुरात म्हटलं.

मी अर्ध्या नवीन पनवेलला प्रती वाटल्या, एक जवळच्या कोन गावातल्या ओळखीच्या शेठलाही दिली. महिन्याभरात सगळ्या परत आल्या. अहो, काय देखण्या परत आल्या. प्रत्येकीला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलावर वळणदार अक्षरात माझं नाव. एका घरातून तर आत मोरपीस घालून आली. समास मात्र दुधासारखे पांढरेशुभ्र. एक टिंब नाही.

"छान आहे हो," सगळे म्हणाले.

"काही काढलं नाहीत त्यात?"

"पुस्तकात? पेनानं?" सगळ्यांनी असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल ठेवायला सांगितली होती. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी ही माणसं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? बायको म्हणाली, "तू विचार करायचं पुस्तक लिहिलंस ना?" आणि भांडी लावायला आत गेली.

सभा तोंडावर आली आणि कोनच्या शेठच्या मुलीचा साखरपुडा निघाला. शेठचे ट्रेलर बंदरावर चालतात. माणूस ट्रेलरसारखाच, येताना आधी हॉर्न ऐकू येतो. बुफेच्या काळात शेठनं हट्टानं पंगत मांडली होती. माझ्या शेजारी नेमके कार्यवाह. वाढणाऱ्यानं घाईत त्यांच्या पानात चटणी उजवीकडे टाकली.

कार्यवाह थबकले. मग आमच्या वाचनालयाच्या त्या धीरगंभीर गृहस्थांनी पाण्यात बोट बुडवलं आणि वाढणाऱ्याला दाखवायला टेबलावर अंथरलेल्या कागदावर अख्खं पान काढलं. "वर मधोमध मीठ. इथं लिंबू. मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. या अंगाला भाजी, उसळ. कळलं?"

माझा हात जिलबीकडे निघाला होता, तो हवेतच राहिला. एवढी जिलबी मी आयुष्यात फक्त त्याच दिवशी सोडली.

दुसऱ्याच दिवशी छापखाना गाठला. एकच चित्र छापून घेतलं आणि परत आलेल्या प्रत्येक प्रतीत सहाव्या प्रकरणात चिकटवलं: जेवणाचं ताट. आणि बुद्ध्या, ठरवून, कसोशीनं संपूर्ण चुकीचं. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे, मीठ तळाशी, लिंबू भाताच्या डोक्यावर. खाली एक ओळ: ‘मराठी माणसाचं ताट हे असं असतं.’ त्याच प्रती त्याच घरांत पुन्हा पोचवल्या आणि गप्प बसलो.

मग काय सांगू. सरस्वती एकीकडे आणि चटणी एकीकडे, असा सामना झाला आणि चटणी जिंकली. ज्यांनी मोरपिसं घातली होती त्यांनी लाल पेनं काढली. जिन्यात लोक मला अडवायला लागले, काकूंनी वाचनालयात गाठलं ते याचसाठी. एका ताटावर दुसरं ताट, त्यावर तिसऱ्याची फुली, लोणच्याच्या जागेवरून नवराबायकोचं एकाच समासात भांडण. मी भाजी आणायला गेलो तर भाजीवालीपाशी दोघी मला दाखवून म्हणाल्या, "तेच ते."

कोनहून शेठ स्वतः आला. पुस्तक माझ्यासमोर आपटलं.

"लेखक, तुमी हे ताट नाय भरलंव, ॲक्सिडेंट केलाय. सगलं वजन एका बाजूला. असा कंटेनर भरला तर पहिल्या वळणाला आडवा व्हनार."

"मग कसा भरायचा?"

"आमी सांगतो. उजवा हात खातो ना? मग जड माल उजवीकडं, हाताशी. डावीकडं जरा जरा चाखायचा माल." आणि शेठनं समासात ताट काढलं, शेजारी कंटेनर काढला, दोघांत बाण काढले. भाकरी होती, बोंबलाची चटणीही होती. डावीकडे.

सहावं प्रकरण माझ्यासमोर लिहून तयार होतं. उजवीकडे पोट, डावीकडे चव. कुणी कधी शिकवलं नाही, पण पनवेलपासून कोनपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात हा एकच नकाशा होता, आणि तो चुकीचा काढल्याबरोबर अख्खा मुलूख दुरुस्तीला धावला होता.

सभेला मी सगळ्या प्रती घेऊन गेलो. समितीतल्या थोरामोठ्यांनी पानं उलटली आणि पुढचा सगळा वेळ कोशिंबीर लिंबाच्या आधी की नंतर यावर गेला. तिघांनी तिथंच खिशातून पेनं काढली. क्रमांक एकमतानं मंजूर झाला. कार्यवाहांनी माझ्यासमोर पांढरी चिठ्ठी कण्यावर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो असं बायको म्हणते. माझ्या आठवणीत मी जमिनीपासून वीतभर वरून गेलो.

आठवड्यानं पुस्तक कपाटात पाहायला गेलो. चित्रकलेत नव्हतं. मानसशास्त्रात नव्हतं. ललित पाहिलं, शैक्षणिक पाहिलं. कार्यवाहांच्या टेबलाकडे धावलो.

"माझं पुस्तक कुठं आहे हो?"

कार्यवाहांनी मानही वर केली नाही.

"पाककलेत ठेवलंय. तिथल्या पुस्तकांवर डाग असतातच."