शंभूच्या मुलीचं व्हजें

"साहेब, ओव्हरटाइम बंद म्हणजे माझ्या चेडवाचें व्हजें बंद." शंभू माझ्या टेबलासमोर उभा होता. हा आमचा ब्लिस्टर मशीनवरचा ऑपरेटर. ब्लिस्टर मशीन म्हणजे गोळ्यांची चंदेरी पाकिटं भरणारं यंत्र. मी एचआर, म्हणजे वरचा वाईट निरोप हसऱ्या तोंडाने खाली पोचवणारा इसम.

निरोप असा आला होता. आमच्या पेडण्याच्या कारखान्यात पणजीहून एक ट्रेनर आला आणि कॅन्टीनमध्ये बसवून त्याने आम्हाला जगायला शिकवलं. पैशामागे धावू नका, लोक काय म्हणतील ते सोडा, स्वतःला वेळ द्या. सगळ्यांत जोरात टाळ्या जीएम साहेबांच्या. साहेब पुण्याचे, नवे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, ओव्हरटाइम बंद केला आणि त्याला 'वेलनेस मंथ' असं नाव दिलं.

शंभूच्या मुलीचं लग्न यंदाच झालेलं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, फळं असं व्हजें मुलीच्या सासरी जातं. ते वाड्यावर घरोघरी वाटतात, आणि वाटताना बापाची ऐपतही मोजतात.

मी ट्रेनरचंच वाक्य पुढे केलं. "शंभू, लोक काय म्हणतील ते सोड रे."

"लोकांचें सोडलें, साहेब. पण सासू म्हणजे लोक न्हय. माझ्या चेडवाक त्याच घरात रवचें आसा."

मला त्याचं शंभर टक्के पटलं आणि त्या टाळ्यांचा राग आला. त्याला घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"अहो, पण माणसाने कधीतरी नाही म्हणायला शिकायला नको का?" साहेब म्हणाले. तेवढ्यात ट्रेनरचा फोन आला. आम्हालाही दोन चांगले शब्द कानी पडावेत म्हणून साहेबांनी तो स्पीकरवर घेतला.

"सर, माझं पेमेंट चवथीआधी झालं तर बरं. बहिणीचं पहिलं व्हजें आहे. आई ऐकत नाही."

शंभू पंख्याकडे बघत राहिला. साहेबांनी फोन ठेवला आणि विचारलं, "हे व्हजें असतं तरी केवढं?"

"तें सासूचेर आसा, साहेब."

ओव्हरटाइम त्याच संध्याकाळी सुरू झाला. शंभूने म्हापशात ऑर्डर दिली आणि व्हजें टेम्पोने गेलं. सासूचा निरोप आला, नेवऱ्या मऊ पडल्या. मुलगी मात्र फोनवर खुशीत होती.

सल्ला वाईट नव्हता. ज्याला ना मुलगी, ना बहीण, ना विहीण, त्याने तो जरूर पाळावा. असा माणूस आमच्या कारखान्यात सापडला नाही, आणि सल्ला देणाऱ्याच्या घरीही नव्हता.