वॉलच्या भोकाची धार
लेकीनं पावडरचा डबा उघडला की मला अजून घाटनांदूरचं टायरचं दुकान आठवतं, कारण तिथं ट्यूबला आम्ही तीच पावडर चोळायचो. आम्ही दोघं कारागीर होतो, पण अवघड काम आलं की उस्ताद त्या दुसऱ्यालाच हाक मारायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. त्या दुपारी एक मामा मोटारसायकलच्या ट्यूबलेस रिमवर ट्यूबचं टायर बसवायला आले. काम अर्थातच त्याला मिळालं. त्यानं रिममधला हवा भरायचा जुना वॉल उपटला, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि ट्यूब कुठंही न चिमटता टायर अलगद चढवलं. मला मात्र दिसलं होतं, रिमला वॉलचं भोक असतं त्याची धार कानशीनं घासायची तो विसरला होता. ती धार ट्यूब कापणार. मी माझ्या हातातल्या ट्यूबला पावडर चोळत राहिलो. कापू दे, मनात म्हटलं, याचं नाव तरी जाईल. मामांनी बायकोला मागं बसवून किक मारली, तेवढ्यात तोच पळत गेला. "मामा, उतरा. भोकाची धार घासायची ऱ्हायली माजी." चारचौघांत बोलला, जरासुद्धा न लाजता. उस्तादांनी कानस त्याच्या हातात दिली. माझ्याकडं वळून म्हणाले, "तू तर शेजारीच बसलतास. तुला दिसलं न्हाई का?" "न्हाई," मी म्हणालो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, प्रत्येक भोकावरून मी आधी बोट फिरवतो, आणि गिऱ्हाईकानं "लई जपून काम करता" म्हटलं की मला अजून त्या दुसऱ्या कारागिराचाच राग येतो, कारण ही सवय त्याच्यामुळंच लागली.