उत्तरार्ध माझ्याकडे राहिला

दत्तू गेल्याचं पोस्टकार्ड मला कॉलेजात, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यात मिळालं. शिपायाने टपाल तिथेच ठेवलं होतं आणि मी दोन दिवस त्या गठ्ठ्याला हात लावला नव्हता. हल्ली पेपर म्हटले की अंगावर काटा येतो. चाळिशीतच माणूस इतका थकावा का, कोण जाणे... कार्ड त्याच्या मेहुण्याचं होतं, चार ओळींचं. कावीळ झाली आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. याला आता महिना होऊन गेला. तो कल्याणच्या शाळेत इंग्रजी किती छान शिकवायचा, हे शाळेच्या शोकसभेत सांगून झालंय. मला त्याच्या राहून गेलेल्या एम.ए.बद्दल लिहायचंय, कारण ते का राहिलं हे फक्त मला ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं. तो कल्याणला मास्तर, मी ठाण्याला एका कचेरीत कारकून, राहायला नौपाड्यात. दोघंही इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए.ला बसलो होतो. सात पेपरांची पुस्तकं इकडून तिकडून जमली. आठव्याचं, टीकाशास्त्राचं, मिळता मिळेना. शेवटी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकच प्रत हाती लागली, विटेएवढी जाड. दत्तूने दाढीचं पातं घेतलं आणि सरळ मधोमध कापली. मी डोळेच मिटून घेतले. "अरे, जीव नाहीये तिच्यात! पूर्वार्ध तुला, उत्तरार्ध मला. मग बदलायचं." बदलायची जागा डोंबिवली स्टेशन, दोघांच्या अधलंमधलं. एका रविवाराआड, सकाळी नऊला, फलाटाच्या टोकाच्या बाकावर. तेव्हा तिथे रविवारी चिटपाखरू नसायचं. विमलवहिनींनी भाजून दिलेल्या शेंगा तो घेऊन यायचा आणि एकमेकांना प्रश्न विचारत आम्ही टरफलांचा ढीग करायचो. पास झाला की एका नव्या कॉलेजात त्याला घेणार होते, तसा शब्द मिळाला होता. "बापू, शाळेत ओरडून ओरडून दमलो रे," तो म्हणायचा. "एवढा आठवा पेपर निघू दे फक्त."

शेवटची अदलाबदल आठव्या पेपराआधीच्या रविवारी ठरली. उत्तरार्ध माझ्याकडे होता. मागच्या पाळीला दत्तूकडे तो आला होता तेव्हा त्याच्या मुलीला गोवर झाला होता, त्यामुळे त्याला तो जेमतेम चाळता आला होता. हे मला माहीत होतं. त्या सकाळी मी पुस्तक पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि दारातूनच परत फिरलो. शंभरेक पानं मला पुन्हा वाचायची होती. पुढच्या गाडीने जाऊ म्हटलं. मग त्याच्या पुढच्या... आणि गेलोच नाही. मंगळवारी परीक्षेच्या हॉलबाहेर दत्तू धावत आला. "काय रे, आला नाहीस?" "ताप होता," मी म्हणालो. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आता नाहीये. बरं झालं." पाचांपैकी चार प्रश्न उत्तरार्धावर आले.

मी पास झालो. तो त्या एका पेपरात गेला आणि नियम असा, की एक गेला तर आठही पुन्हा द्यायचे. मी उत्तरार्ध त्याच्या घरी नेऊन दिला, म्हटलं, आता दोन्ही तूच ठेव. त्याने दोनदा फॉर्म भरला. एकदा वडील गेले, एकदा मुलगी आजारी पडली. कॉलेजातली जागा भरली गेली. मी मात्र प्राध्यापक झालो. भेटला की दत्तूचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय बापू, ताप नाही ना आता?" मला तो टोमणा वाटायचा. हसून विषय बदलायचो, आणि पुढेपुढे कल्याणला जाणंच टाळायला लागलो.

गेल्या रविवारी गेलो. वहिनींनी दोन्ही भाग आणून समोर ठेवले, वेगवेगळी कव्हरं घातलेले. "कितीदा म्हटलं, एकत्र शिवून घ्या. तर म्हणायचे, अर्धं बापूचं आहे, त्याला विचारल्याशिवाय कसं शिवू?" मग त्यांनी विचारलं, "तुमची तब्येत बरी असते ना भाऊजी? यांना फार काळजी वाटायची. त्या रविवारी बारापर्यंत स्टेशनवर बसून परत आले आणि म्हणाले, बापू आजारीच असणार, नाहीतर तो यायचा राहणार नाही."

ताप मला मंगळवारी सुचला होता. दत्तूने तो रविवारीच खरा धरला होता. इतकी वर्षं मी ज्याला टोमणा समजून तोंड चुकवत राहिलो, ती चौकशी होती... वहिनींना हे तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही. या वर्तमानपत्राची पुरवणी त्यांच्या घरी येते, म्हणून इथे लिहितो आहे.

निघताना मी पूर्वार्ध मागून घेतला आणि उत्तरार्ध तिथेच ठेवला. येताना डोंबिवलीला उतरलो. टोकाचा बाक अजून आहे. पिशवी मांडीवर घेऊन बसलो. दत्तू तिथे तीन तास बसला होता. मला अर्धा तासही बसवलं नाही.