खिशातला हात

आमच्या सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगतात, सून ऑस्ट्रेलियात घोड्यांची डॉक्टर आहे. घोडा चालतो. गाय म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो कुणालाच नको असतो. मी तपासते ते मांसासाठी पाळलेल्या जातींचे तरुण वळू. त्यातला कुठला गाईंमध्ये सोडायचा आणि कुठला ट्रकमध्ये चढवायचा, ते मी ठरवते. ट्रक कुठे जातो हे सासूबाईंनाही माहीत आहे.

हिवाळ्यात आमच्या गुंगालिन उपनगरात सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडावं लागतं. नवरा ट्रॅमने ऑफिसला जातो, मी गमबूट टाकून उलट्या दिशेला. लोकांना वाटतं, वळू काय, अंगाने भरलेला आणि चकचकीत दिसला की झालं. डोंबल! धान्य चारून कुणालाही चकचकीत करता येतं. मी आधी पाय बघते. गाईवर चढताना सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. त्या पायांना बाजूने बघितलं तर सांध्यात बाक हवा, म्हणजे धक्का झेलला जातो. पाय खांबासारखे सरळ असले की सांधे सुजतात, आणि मग तो नुसता उभा राहून गाईंकडे बघत बसतो. वर पोरींनाही तेच पाय देऊन जातो.

यास नावाच्या गावापलीकडे एक म्हातारबुवा होते. ते आणि त्यांची बायको, दोघंच. दरवर्षी त्यांचे वळू मीच तपासायचे. एकदा यार्डच्या कठड्यावर चहाचे मग ठेवून आम्ही उभे होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू ते हाताचं काय करतेस?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. पुण्यात देवळाबाहेर बांधलेल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायची सवय लहानपणापासूनची. रस्त्यात कुणाला चुकून पाय लागला की हात कसा आपोआप जातो, तसा तो इथे वळूंकडेही जायचा. मी म्हटलं, "सवय आहे. सगळ्यांनाच करते."

"नाही मेट," ते म्हणाले. "जे जाणार असतात त्यांनाच करतेस. तू तोंड उघडायच्या आधी मला निकाल कळतो."

मी चाटच पडले. घरी येताना गाडीत आठवून बघितलं, आणि मेलं ते खरं होतं. त्यानंतर त्यांच्याकडे गेले की मी हात जॅकेटच्या खिशात कोंबून ठेवायचे.

मग त्यांची बायको गेली. कळप खरा तिचा. कुठली गाय ठेवायची, कुठली काढायची, सगळं तीच बघायची. तिच्यामागून दुष्काळ आला, चारा संपला, आणि तिच्या गाई एकेक करून ट्रकमध्ये चढल्या. उरली एक म्हातारी गाय. ती एक काळा खोंड देऊन मेली. पाऊस झाल्यावर बुवांनी दुसरीकडून कालवडी आणल्या, पण वळू मात्र बाहेरचा आणायचा नाही म्हणून हटून बसले.

"हा पास झाला तर कालवडींत सोडतो आणि मीही इथेच राहतो," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "नाही झाला तर तिचं काहीच उरत नाही. मग सगळं विकून वॉलॉंगॉंगला मुलीकडे जातो. तिथे मी काय करणार, देव जाणे."

त्या सकाळी पोहोचले तेव्हा त्यांनी दाढी केलेली होती. दाढी करून तपासणीला उभा राहिलेला शेतकरी मी आजवर पाहिला नव्हता.

खोंड लोखंडी पिंजऱ्यात घेतला. डोळे स्वच्छ, जबडा नीट, वृषणं उत्तम. इतका शांत की मी हात लावला तिथे तो उलट रेलायचा. मनात म्हटलं, बाबा रे, आता फक्त नीट चाल.

पिंजरा उघडला. तो चार पावलं चालला आणि उभा राहिला. मी बाजूला जाऊन बघितलं. मागचे पाय सरळ. खांबच. सांध्यावर सूज धरायला लागलेली, आणि अजून तो एकाही गाईवर चढलेला नव्हता.

मी त्याला परत चालवला. चिखल असेल म्हणून कडक जमिनीवर नेला. थंडीने आखडला असेल म्हणून थोडं ऊन वर आल्यावर पुन्हा चालवला. मागचं पाऊल दर वेळी तोकडंच पडत होतं. मला इतका राग आला, त्या खोंडाचा, त्या मेलेल्या गाईचा, माझ्या डिग्रीचा. इतर कुणाकडे मी एवढा वेळ काढला नसता, आणि हे म्हातारबुवांनाही कळत होतं. ते कठड्याला टेकून बघत होते.

शेवटी मी जवळ गेले. दोन्ही हात खिशात. "पाय सरळ आहेत," मी म्हटलं. "पहिल्याच सीझनला बसेल. आणि पोरींतही उतरेल. मी याला पास करू शकत नाही. सॉरी."

ते खोंडाकडे वळले. मग म्हणाले, "जन्मल्यावर पहिल्यांदा उभा राहिला ना, तेव्हाच मला दिसलं होतं. पण ती असती तर तिने सांगितलं असतं. मला एकट्याला ते म्हणवत नव्हतं."

थंडीने नाक गळत होतं, आणि रडूही येत होतं.

"पण तू ते अजून केलं नाहीस," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी माझ्या खिशाकडे मानेने खूण केली. "इतरांना करतेस. यालाही कर. हा तिचा आहे."

मी हात बाहेर काढला. खोंडाच्या पाठीवर ठेवला. पाठ गरम होती. त्याला वाटलं मी खाजवतेय, म्हणून तो आणखी रेलला, सगळं वजन टाकून. मी हात कपाळाला लावला. मागे म्हातारबुवांनी हॅट काढली होती, आणि एवढ्या थंडीत ती छातीशी धरून ते तसेच उभे होते.

मग त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली, कालवडींकडच्या फाटकाला साखळी घातली आणि ट्रककडचं फाटक उघडलं. खोंडाला ढकलावंही लागलं नाही. ते पुढे चालायला लागले आणि तो त्यांच्या मागून गेला.